कन्व्हेन्शनला पहिल्यांदाच निघालात? आधी मतदानाचं कार्ड, मग फोटो

मैत्रिणींनो, कन्व्हेन्शनच्या, म्हणजे आपल्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, बॅग केवढी घेऊ, तिकडे थंडी असते का, गाला डिनरला काय घालू, आणि मी मनातल्या मनात म्हणते, अगं बाई, क्लबचं मत तुझ्याकडे आहे का नाही ते आधी सांग. प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं बैजवार लिहून काढतेय. इनर व्हील, झोंटा, सोरॉप्टिमिस्ट, बायकांच्या या सेवा संघटनांपैकी तुमची कुठलीही असो, बारीकसारीक नियम वेगळे पण नव्या माणसाची फजिती सगळीकडे सारखीच होते.

तुम्ही कोण म्हणून जाताय?

हा पहिला प्रश्न आणि तोच बहुतेक जणी विचारत नाहीत. कन्व्हेन्शन काही दरवर्षी नसतं, झोंटाचं दोन वर्षांनी, इनर व्हीलचं तीन वर्षांनी, सोरॉप्टिमिस्टचं तर चार वर्षांनी, म्हणजे एकदा गडबड झाली की पुढची संधी येईपर्यंत क्लबची अख्खी कमिटी बदललेली असते. तर तुम्ही व्होटिंग डेलिगेट म्हणजे क्लबतर्फे मत देणारी आहात, का अल्टरनेट म्हणजे डेलिगेटला जमलं नाही तर तिच्या जागी मत देणारी, का नुसती हजर राहणारी मेंबर? तिन्ही जणी त्याच हॉलमध्ये असतात, बॅजही लांबून सारखेच दिसतात, पण बसायची जागा वेगळी, हक्क वेगळे आणि जबाबदारी तर फारच वेगळी. कुणाला किती मतं हेही संघटनेप्रमाणे बदलतं, कुठे क्लबला एक मत, कुठे मेंबरसंख्येप्रमाणे, कुठे प्रॉक्सी चालते म्हणजे न आलेल्या क्लबचं मत तुम्ही घेऊन जाऊ शकता, कुठे बिलकुल चालत नाही, आणि कुठे तर खरा कारभार दुसऱ्याच बैठकीत होतो आणि कन्व्हेन्शनमध्ये भाषणं आणि चर्चासत्रं जास्त असतात. आपल्या बायलॉजमधली, म्हणजे संघटनेच्या नियमावलीतली ती दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो, वाचा.

माझ्या पहिल्या वेळेस मी अल्टरनेट होते. डेलिगेट ताई अनुभवी, त्यामुळे मी निवांत. मतदानाच्या दिवशी सकाळी ताईंचं पोट बिघडलं, त्या म्हणाल्या तू जा, मत दे, आणि मी त्यांचं कार्ड घेऊन ऐटीत हॉलच्या दारात. तिथली बाई बॅजवरचं नाव बघते, कार्डावरचं नाव बघते, आणि अगदी गोड हसून मला बाजूला उभं करते. डेलिगेट बदलायची तर क्रेडेन्शियल डेस्कवर, म्हणजे मताचा हक्क तपासतात तिथे, डेलिगेटच्या सहीचा फॉर्म द्यायचा असतो आणि तो डेस्क वीस मिनिटांपूर्वी बंद झालेला. मी मागच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसून बघितलं, आमच्या क्लबने ज्याच्या बाजूने मत द्यायचं ठरवलं होतं तो ठराव अगदी थोडक्यात पडला. आमच्या एका मताने तो पास झाला असता असं नाही, पण परत येऊन क्लबला सांगताना जीभ जड झाली ती झालीच. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, अल्टरनेट असाल तर बदलीचा फॉर्म डेलिगेटची सही घेऊन घरूनच तयार ठेवा (नियमात बसत असेल तर), आणि डेस्कची बंद व्हायची वेळ फोनवर अलार्म लावून ठेवा.

हे सगळं क्लबच्या मीटिंगमध्ये ठराव करून मिनिट्समध्ये लिहून घ्या, डेलिगेट कोण, अल्टरनेट कोण, खर्चातला कुठला भाग क्लब देणार आणि कुठला स्वतःचा. मैत्रीत बोलणं झालंय, लिहायची काय गरज, असं म्हणणाऱ्या क्लबमध्ये परत आल्यावर हमखास भांडण होतं.

रजिस्ट्रेशन, हॉटेल, व्हिसा

रजिस्ट्रेशन लवकर केलं की फी कमी पडते हे सगळ्यांना माहीत असतं. रद्द केलं तर किती परत मिळणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे मात्र कुणी वाचत नाही. ते वाचा, आणि फीमध्ये काय येतं तेही बघा, कारण ओपनिंग सेरेमनी बहुतेक वेळा आत असते पण गाला डिनर, काही जेवणं आणि टूर यांचं तिकीट अनेकदा वेगळं असतं आणि ते आधी संपतं. हॉटेलचं म्हणाल तर आयोजकांनी राखून ठेवलेल्या खोल्या ठरावीक तारखेनंतर सोडून देतात. लांबचं स्वस्त हॉटेल घेऊन रोज सकाळी धावपळ करण्यापेक्षा दोघींनी मिळून जवळची खोली घ्यावी हे माझं मत, कारण दुपारी अर्धा तास पाठ टेकता येते आणि त्या अर्ध्या तासाची किंमत तिसऱ्या दिवशी कळते.

व्हिसा लागणार असेल तर इन्व्हिटेशन लेटर लागेल, आणि ते सहसा रजिस्ट्रेशनचे पैसे भरल्यावरच देतात, म्हणून क्रम असा: रजिस्ट्रेशन, लेटर, मग अर्ज. अर्जात प्रवासाचं कारण कॉन्फरन्स असेल तर तेच लिहा, उगाच फिरायला चाललेय असं लिहून सोबत कन्व्हेन्शनचं पत्र जोडू नका. अजून एक गोंधळ नेहमीचा, युरोपात कन्व्हेन्शन म्हणजे एकच व्हिसा असं समजायचं. झोंटाचं २०२२ चं कन्व्हेन्शन हॅम्बुर्गला होतं, तिथे शेंगेन व्हिसा चालतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. पण सोरॉप्टिमिस्टचं २०२३ चं डब्लिनला आणि इनर व्हीलचं २०२४ चं मँचेस्टरला, आयर्लंड आणि ब्रिटन हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत, दोघांचे नियम आपापले. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि निदान १५ दिवस आधी करायचा असतो, आणि मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. मध्ये विमान बदलणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघून ठेवा, लोक हे विसरतात आणि एअरपोर्टवर रडतात.

एक दिवस आधी नाही, जमलं तर दोन दिवस आधी पोचा. पाच-सात तासांचा वेळेचा फरक असला की पहिले दोन दिवस शरीर कुठल्या देशात आहे तेच कळत नाही, आणि नेमका पहिल्याच सकाळी सभेचा सगळ्यात किचकट भाग असतो.

जायच्या आधी वाचायचं काय

अजेंडा, ठरावांचा मसुदा, बायलॉजमधल्या सुचवलेल्या दुरुस्त्या, उमेदवारांची माहिती. हे सगळं साधारण आधी मिळतं आणि बहुतेकींच्या ईमेलमध्ये न उघडता पडून राहतं. प्रिंट काढा. हो, कागदावर, कारण हॉलमधलं वायफाय शेकडो बायकांनी एकाच वेळी फाइल उघडली की झोपतं.

मग क्लबची एक मीटिंग फक्त याच्यावर घ्या आणि प्रत्येक ठरावावर क्लबचं म्हणणं काय ते विचारा. आता इथे खरी मेख आहे. क्लबने तुमचे हात बांधून पाठवलंय का मोकळं सोडलंय? म्हणजे अमुक ठरावाला होच म्हणायचं, का तिथली चर्चा ऐकून तुम्ही ठरवायचं? दोन्ही पद्धती असतात आणि दोन्हीत अर्थ आहे, पण समजा वर्गणी वाढवायच्या ठरावाला क्लबने नाही म्हण सांगितलं, आणि तिथे कुणीतरी उपसूचना आणून वाढ निम्मी केली, मग? हा प्रश्न निघण्याआधीच विचारून ठेवा. मी माझ्या प्रिंटवर प्रत्येक ठरावासमोर तीन खुणा करते, पक्कं हो, पक्कं नाही, आणि ऐकून ठरव. तिसरी खूण जितकी जास्त तितकं जायला मजा येते असा माझा अनुभव.

पोचल्यावर पहिले दोन तास

आधी रजिस्ट्रेशन डेस्क, बॅज आणि पिशवी. मग लगेच, पिशवीत काय काय आहे ते बघत न बसता, क्रेडेन्शियल डेस्क. हे दोन डेस्क वेगळे असतात! बॅज मिळाला म्हणजे मताचा हक्क मिळाला असं नाही. तिथे पासपोर्ट किंवा ओळखपत्र, क्लबचं पत्र किंवा फॉर्म दाखवायचा आणि मग मतदानाचं कार्ड किंवा रिमोटसारखं यंत्र मिळतं, हल्ली काही ठिकाणी फोनवरच कोड येतो. ते हरवलं तर दुसरं मिळेलच असं धरून चालू नका. मी ते बॅजच्या पाकिटात मागच्या बाजूला ठेवते, पर्समध्ये नाही, कारण पर्स आपण दर दोन तासांनी खुर्चीवर विसरतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांच्या बॅजला बऱ्याच ठिकाणी वेगळी रिबन लावतात आणि त्यांच्यासाठी ओळखीचं वेगळं सेशन ठेवतात. लाजून रिबन काढून ठेवू नका. ती रिबन दिसली की अनुभवी बायका आपणहून येऊन बोलतात, जागा दाखवतात, चुकलं तर सांभाळून घेतात. दुसऱ्या वेळेस हे लाड होत नाहीत.

आणि हॉल रिकामा असताना एकदा आत जाऊन या. डेलिगेटची बसायची जागा कुठे, माइक कुठे, टॉयलेट कुठल्या दाराने जवळ. मतदानाच्या वेळी दारं बंद करतात, आत-बाहेर करू देत नाहीत, त्यामुळे हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

सभेत नेमकं काय चालतं

आता जरा सावकाश वाचा, कारण बाकी सगळं निभावून नेता येतं पण इथे गोंधळ झाला तर मत उलटं पडतं, आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय.

बऱ्याच संघटना सभा चालवताना रॉबर्ट्स रूल्स नावाच्या नियमांचा आधार घेतात. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनियरने ते १८७६ साली छापले. घाबरायचं कारण नाही, आपल्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या मीटिंगमध्ये सूचक-अनुमोदक असतात तेच हे, फक्त जास्त कडक. सुरुवातीला कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी आहे का ते जाहीर करतात, मग या कन्व्हेन्शनपुरते नियम मंजूर करतात, एकीने किती मिनिटं बोलायचं, किती वेळा बोलायचं वगैरे. ते कंटाळवाणं वाटतं पण झोपू नका, तुमची दोन मिनिटं का तीन मिनिटं ते तिथेच ठरतं.

ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, चर्चा सुरू. बोलायचं असेल तर माइकपाशी रांग लावायची, काही ठिकाणी बाजूने बोलणाऱ्यांचा माइक वेगळा आणि विरोधातला वेगळा असतो. नाव, क्लब, देश सांगायचा, आणि बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्या बाईला उद्देशून नाही, कितीही राग आला तरी. पहिलंच वाक्य असं ठेवा की मी ठरावाच्या बाजूने बोलतेय किंवा विरोधात, कारण हेडफोनवर भाषांतर ऐकणाऱ्यांना नाहीतर शेवटपर्यंत कळत नाही तुमचं म्हणणं काय. सावकाश बोला, आकडे तर दोनदा सांगा.

आता उपसूचना. चर्चेत कुणीतरी म्हणतं, ठरावातला अमुक शब्द बदला. मग आधी मत त्या बदलावर घेतात, मूळ ठरावावर नाही. नवीन बायका इथे फसतात, त्यांना वाटतं ठरावच पास झाला आणि त्या खूश होऊन कार्ड खाली ठेवतात, आणि मग मूळ ठरावावर मत सुरू होतं तेव्हा त्या शेजारणीशी बोलत असतात. त्यात उपसूचनेवरही उपसूचना येऊ शकते, म्हणजे तीनदा मत, सगळ्यात आतल्यापासून बाहेर. त्याच्याही पुढे अजून एक मात्र आणता येत नाही, तेवढी दया त्या नियमांनी केलीये. मी कागदावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोलं काढते आणि मत झालं की एकेक खोडते. शेजारच्या एका परदेशी बाईंनी ते बघून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कागदावर तशीच गोलं काढली होती.

दुसरा सापळा म्हणजे चर्चा थांबवायची मागणी. कुणी म्हणालं की आता बास, मत घ्या, तर आधी त्याच्यावरच मत होतं आणि त्याला दोन तृतीयांश लागतात. इथे हो म्हणजे चर्चा थांबवा, ठराव मंजूर असं नाही! मी बघितलंय असं मत उलटं पडलेलं ते इथेच, ठराव आवडला नाही म्हणून एकीने नाही दाबलं, म्हणजे तिने खरं तर चर्चा चालू ठेवायला मत दिलं, आणि नंतर तीच म्हणते किती लांबवतायत.

साध्या ठरावाला साधं बहुमत पुरतं, बायलॉज बदलायला सहसा दोन तृतीयांश. पण कशाचे? पडलेल्या मतांचे का हजर असलेल्यांचे? समजा हॉलमध्ये ३०० डेलिगेट आहेत आणि ३० जणींनी मतच दिलं नाही. पडलेल्या मतांचे दोन तृतीयांश म्हणजे २७० पैकी १८०. हजर असलेल्यांचे म्हणजे ३०० पैकी २००. वीस मतांचा फरक, आणि दुसऱ्या पद्धतीत गप्प बसणारी प्रत्येक जण खरं तर नाही म्हणतेय. आपल्याकडे कुठली पद्धत ते नियमात लिहिलेलं असतं.

काही कळलं नाही तर हात वर करून विचारायची सोय असते, आत्ता आपण कशावर मत देतोय असं विचारलं तर कुणी हसत नाही, उलट आजूबाजूच्या चार जणी मनातून आभार मानतात. हरकतीचा मुद्दा हा वेगळा प्रकार, तो नियम मोडला जातोय असं वाटलं तरच काढायचा, समोरचीचं म्हणणं पटलं नाही म्हणून नाही.

यंत्राने मतदान असेल तर आधी एक फुटकळ प्रश्न टाकून चाचणी घेतात, तो गंमत म्हणून सोडू नका, आपलं बटण चालतंय का ते बघायची ती एकच वेळ.

मधल्या वेळेत

सभा संपली की आपल्याच क्लबच्या मुलींचा घोळका करून बसायचा मोह होतो. निदान एक जेवण अनोळखी टेबलवर घ्या. विषय काय काढायचा असा प्रश्न पडला तर संघटनेचा इतिहास सगळ्यात सोपा. इनर व्हीलची सुरुवात १० जानेवारी १९२४ ला मँचेस्टरमध्ये झाली, मार्गारेट गोल्डिंग यांनी केली, त्या नर्स होत्या आणि व्यवसायही करायच्या, म्हणून तर शंभराव्या वर्षाचं कन्व्हेन्शन त्याच शहरात भरलं. झोंटा १९१९ ची, बफेलोची, आणि विमान उडवणाऱ्या अमेलिया एअरहार्ट तिच्या मेंबर होत्या. सोरॉप्टिमिस्ट १९२१ ची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची. एवढं बोललात की समोरची आपल्या क्लबबद्दल सांगायला लागते.

मग विचारा की तुमचा चालू प्रोजेक्ट कुठला आणि त्यात काय चुकलं. काय जमलं ते सगळ्याच सांगतात, स्लाइडवरही असतं. काय चुकलं ते कॉफीच्या रांगेतच कळतं. एकीने मला सांगितलं की त्यांनी मुलींसाठी शिलाई मशिनं दिली आणि वर्षभराने बघितलं तर निम्मी बंद, कारण सुया आणि दुरुस्ती याचा विचारच केला नव्हता. आम्ही त्याच वाटेवर होतो.

व्हिजिटिंग कार्ड जास्त न्या, आणि घेतलेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे तेव्हाच दोन शब्द लिहा, नाहीतर घरी आल्यावर कार्डांचा गठ्ठा असतो आणि चेहरा एकाचाही आठवत नाही. क्लबचे बॅनर आणि पिन बदलायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, हलक्या वस्तू न्या. खायचे पदार्थ मात्र भेट म्हणून नेण्याआधी त्या देशाचे नियम बघा, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी न सांगता नेलं तर दंड होतो.

बॅग

याच्यावर मी फार लिहिणार नाही. चालून जुने झालेले बूट, हॉलमधल्या एसीसाठी काहीतरी गरम, आणि हवामान बघताना गोलार्ध विसरू नका, झोंटाचं २०२४ चं कन्व्हेन्शन जूनमध्ये ब्रिस्बेनला होतं आणि जून म्हणजे तिकडे हिवाळा. त्या देशाचा प्लग अॅडाप्टर. रोजची औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. ओपनिंगला अनेक जणी आपापल्या देशाचा पोशाख घालतात, झेंड्यांची परेड असते, एक चांगला जोड त्यासाठी आणि एक गालासाठी, बास.

फोटो

काढा, भरपूर काढा, पण एक सांगते. काही सेशनमध्ये हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायका स्वतःची गोष्ट सांगतात. तिथे फोन खाली. स्टेजवरून परवानगी दिली असेल तरच, आणि तेव्हाही चेहरा ग्रुपवर टाकायच्या आधी दोनदा विचार करा, तुमच्या ग्रुपवरून तो कुठे कुठे जाईल ते तुमच्या हातात नाही.

परत आल्यावर

विमानातच, झोपायच्या आधी, प्रत्येक ठरावाचा निकाल आणि तुम्ही काय मत दिलंत ते एका पानावर लिहा. क्लबने सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं मत दिलं असेल तर का दिलं तेही, लपवू नका. बोर्डिंग पास, बिलं, पावत्या एका पाकिटात खजिनदाराला. क्लबपुढे बोलायला पंधरा मिनिटं मागा, त्यातली दहा ठरावांना आणि नव्या नियमांचा आपल्या क्लबवर काय परिणाम होणार त्याला, उरलेली पाच फोटोंना. सगळ्या जणी फोटोच मागतील. फोटो शेवटी दाखवा.

आणि ज्यांची कार्डं घेतलीत त्यातल्या तिघींना आठवड्याच्या आत ईमेल करा. नमस्कार-चमत्काराचा नको, एक नेमका प्रश्न विचारणारा. मी त्या शिलाई मशिनवाल्या बाईंना विचारलं होतं की मग दुरुस्तीचं तुम्ही पुढे काय केलंत, आणि त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं, सुयांच्या नंबरासकट.